दिवा हिरवा, तरी टॉवर म्हणतो ‘दिसत नाही’: पोर्टेबल एडीएस-बीच्या तक्रारी कुठून तपासायला घ्यायच्या

पाऊस ओसरून सह्याद्रीवरचे ढग विरले, की गोव्याच्या आकाशात खाजगी विमानं आणि मायक्रोलाइट बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनीच तक्रार परत येते. काचेला चिकटवायचं, हातात मावणारं एडीएस-बी उपकरण, म्हणजे विमानाचं जीपीएस स्थान रेडिओवरून सतत सांगत राहणारी डबी, परदेशातून आणलेलं असतं. दिवा हिरवा असतो, टॅबलेटवर आपलं चिन्ह नीट सरकत असतं. तरी कंट्रोलर सांगतो की तुम्ही पडद्यावर नाही. कधी सांगतो की दिसता, पण दोन दिसता. नाहीतर उतरल्यावर कागद तपासणारा अधिकारी विचारतो, हा ट्रान्समीटर कुठल्या परवान्यात आहे? मग माणूस सक्शन कप दुसऱ्या काचेला लावतो, फर्मवेअर बदलतो, नवी बॅटरी घालतो. तक्रार तिथेच राहते, कारण बहुतेक वेळा यंत्रात बिघाड नसतोच.

तपासायचा क्रम आधी परवाना, मग पत्ता, मग दर्जा आणि सगळ्यांत शेवटी अँटेना असा ठेवा. लोक नेमके उलटीकडून सुरू करतात. पत्ता चुकलेला असताना अँटेना सुधारली, तर चुकीचीच माहिती आणखी लांब जाते.

‘सुटं आहे, बसवलेलं नाही’

हे उत्तर तपासणीत टिकत नाही. यंत्र १०९० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतं आणि भारतात हा पट्टा परवानामुक्त नाही. विमानातल्या रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. त्या परवान्यात विमानातल्या प्रत्येक ट्रान्समीटरची नोंद असते: व्हीएचएफ सेट, ट्रान्सपॉन्डर (रडारच्या प्रश्नाला उत्तर देणारं यंत्र), ईएलटी (अपघातानंतर ठिकाण कळवणारा बीकन), प्रत्येकाचा मेक आणि मॉडेल. काचेवर चिकटवलेल्या डबीची नोंद तिथे नसेल, तर विमानाच्या परवान्याने ती झाकली जात नाही. वैमानिकाचा आरटीआर परवाना इथे कामाचा नाही. तो रेडिओ चालवणाऱ्या माणसाचा असतो, यंत्राचा नव्हे.

सुटं म्हणाल तर एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला नियम २९-ब समोर येतो. विमानात चालणाऱ्या पोर्टेबल इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हा नियम. बसवलेलं म्हणाल, विमानाच्या बसबारवरून (वीज वाटणाऱ्या पट्टीवरून) तार ओढली, बाहेर अँटेना लावली, तर तो विमानातला बदल झाला. त्याला मान्यता लागते, इंजिनिअरची सही लागते, वजन-संतुलनाची नोंद लागते. मधला, दोन्हींतून सुटणारा रस्ता नाही. तो शोधण्यात कुणी हंगाम घालवू नये.

खरा गोंधळ होतो तो परदेशी कागदामुळे. ब्रिटनच्या सीएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, कॅप १३९१ या दस्तऐवजात अशा उपकरणांसाठी वेगळी चौकट आखली. निर्माता आपलं उपकरण त्या चौकटीत बसतं असं जाहीर करतो आणि तिथल्या वैमानिकाला ते वापरता येतं. ऑस्ट्रेलियातही अशीच सोय आहे. अमेरिकेत उलट: १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रात एडीएस-बी आउट (स्थान पाठवणं) सक्तीचं झालं, पण ते बसवलेलं आणि ९१.२२७ या नियमातल्या दर्जाचं हवं. काचेवरची डबी तिथे ती सक्ती पूर्ण करत नाही. म्हणजे एकच डबी लंडनजवळ नियमात, तर अमेरिकेत त्या सक्तीसाठी निरुपयोगी. यातला कुठलाही कागद डीजीसीए (भारताचा विमान वाहतूक नियामक) किंवा डब्ल्यूपीसीच्या मान्यतेची जागा घेत नाही. खोक्यावरचा युरोपचा सीई किंवा अमेरिकेचा एफसीसीचा शिक्काही घेत नाही.

विक्रेता कधी ‘ईटीए (वायरलेस उपकरणाची प्रकार-मान्यता) आहे’ म्हणून कागद पुढे करतो. त्यावर कोणता पट्टा लिहिलाय ते वाचा. या डब्यांत टॅबलेटशी बोलायला वाय-फाय असतं. २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायसाठीचा ईटीए त्या वाय-फायपुरताच असतो, १०९० चं प्रक्षेपण त्यात येत नाही.

फ्लार्मसारख्या, ग्लायडरमध्ये टक्कर टाळायला वापरतात त्या यंत्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. युरोपातलं फ्लार्म ८६८.२ आणि ८६८.४ मेगाहर्ट्झवर चालतं. भारतात लघुपल्ल्याच्या कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८ आहे. फरक ०.२ चा, पण युरोपच्या सेटिंगवर ठेवलेलं यंत्र पट्ट्याबाहेर पडतं. प्रदेश बदलायची सोय यंत्रात असेल तर ती आधी बदला. नसेल तर ते इथे चालू करू नका.

यंत्र आधीच घेऊन बसला असाल तर करायचं एवढंच. सेटिंगमध्ये जाऊन प्रक्षेपण बंद करा. बहुतेक यंत्रांत ग्रहण आणि प्रक्षेपण वेगवेगळे चालू-बंद करता येतात. बंद केल्यावर यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि सेटिंग टिकलं का ते पाहा. फर्मवेअर बदलल्यावर काही सेटिंगं मूळ जागी परत जातात. मग मॉडेल, अनुक्रमांक, प्रक्षेपणाची शक्ती आणि निर्मात्याचं घोषणापत्र घेऊन आपल्या एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) वर्कशॉपमार्फत डब्ल्यूपीसी आणि डीजीसीएकडे लेखी विचारा. भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा १९३३ यंत्र बाळगण्यालाही परवाना मागतो, म्हणून प्रश्नात ‘फक्त ग्रहणासाठी’ हा पर्यायही स्पष्ट लिहा. तोंडी होकारावर उडू नका.

गोव्यापुरती एक सूचना इथेच. उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं हा वेगळाच विषय आहे. विनापरवाना उपग्रह-संपर्क यंत्र बाळगल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. वैमानिकाच्या बॅगेत एडीएस-बीची डबी आणि असं यंत्र शेजारी शेजारी असतात आणि सुरक्षा तपासणीत दोन्ही सारखीच दिसतात. परदेशी मित्र आपलं विमान किंवा सामान घेऊन येणार असेल, तर हे त्याला निघण्याआधीच कळवा.

दोन-दोन विमानं, किंवा भलत्याच देशाचं विमान

प्रत्येक विमानाला नोंदणीबरोबर २४ बिटांचा एक पत्ता मिळतो. तो हेक्स पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ) सहा खुणांत लिहितात. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने देशांना पट्टे वाटून दिलेत. भारताचा पट्टा ८००००० पासून ८३एफएफएफएफ पर्यंत. म्हणून व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानाच्या पत्त्यात पहिली खूण ८ आणि दुसरी ० ते ३ यांपैकीच हवी. एवढी एक नजर टाकली तरी निम्म्या तक्रारींचं मूळ सापडतं.

जुनं, वापरलेलं यंत्र घेतलं की त्यात आधीच्या मालकाचा पत्ता तसाच असतो. ४० ते ४३ ने सुरू होत असेल तर ब्रिटनचा, ए ने सुरू होत असेल तर अमेरिकेचा, ३सी ते ३एफ ने होत असेल तर जर्मनीचा, ७सी ते ७एफ असेल तर ऑस्ट्रेलियाचा. म्हणजे तुम्ही साळ नदीवर फिरताय आणि पडद्यावर मात्र परदेशी विमान उडतंय. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि तिथलं नियंत्रण नौदलाकडे आहे. तिथे फ्लाइट प्लॅनशी न जुळणारा परदेशी पत्ता उमटणं ही किरकोळ बाब नाही. एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगीचा) क्रमांक घेतलेले असले, तरी हवेतला पत्ता त्या कागदाशी जुळला नाही तर ओळख पटत नाही.

दुसरी चूक आकडे उतरवण्याची. काही देशांच्या नोंदणी पत्रावर हाच पत्ता ऑक्टल पद्धतीत (फक्त ० ते ७) आठ आकड्यांत लिहिलेला असतो. त्यातले पहिले सहा आकडे हेक्सच्या रकान्यात टाकले, की यंत्र तक्रार न करता ते स्वीकारतं. यंत्राला ते कुठलं विमान आहे हे माहीत नसतं. पत्ता नेहमी डीजीसीएच्या कागदावरून घ्या आणि ट्रान्सपॉन्डरच्या सेटिंगशी पडताळा. नोंदणी क्रमांकावरून पत्ता काढून देणारी संकेतस्थळं अमेरिकी नोंदणीसाठी चालतात, कारण तिथे त्या दोन्हींत ठरलेलं गणित आहे. त्या सवयीने व्हीटी विमानाचा पत्ता ‘काढू’ नका.

आता दोन-दोन दिसण्याचं. विमानात एक्सटेंडेड स्क्विटर (न विचारता स्थान पाठवायची सोय) असलेला ट्रान्सपॉन्डर आहे, तोच १०९० वर स्थान पाठवतोय, आणि काचेवरची डबीही पाठवतेय. पत्ते वेगळे असतील तर एकाच जागी दोन विमानं उमटतात, शंभर फुटांच्या फरकाने. पत्ते एकच असतील तर आणखी वाईट. एकाच पत्त्यावरून दोन उगमस्थानांची, दोन दर्जांची, किंचित वेगळ्या जागांची माहिती येते, आणि ती घेणाऱ्या यंत्रणेचा माग उड्या मारतो. उपाय एकच: बसवलेला ट्रान्सपॉन्डर एडीएस-बी पाठवत असेल, तर पोर्टेबलचं प्रक्षेपण बंद. कॅप १३९१ ही हेच सांगतो. ट्रान्सपॉन्डर मोड एस (विमानाचा पत्ता सांगणाऱ्या प्रकारचा) असेल पण स्थान पाठवत नसेल, तेव्हाच दोन्हींचा एकत्र वापर अर्थपूर्ण ठरतो, आणि तेव्हा पत्ता दोन्हींत एकच हवा.

टॅबलेटवर मात्र आपणच आपल्या पाठीमागे लागलेलं विमान दिसतो, ही तक्रार सोपी आहे. ॲपमध्ये आपला पत्ता ‘स्वतःचं विमान’ म्हणून भरलेला नसतो. तो भरला की ते भूत जातं.

कॉल साइनच्या रकान्यात आडवी रेघ भरू नका. व्हीटी-एबीसी हे व्हीटीएबीसी असं, आणि फ्लाइट प्लॅनच्या रकाना ७ मध्ये जे आहे तेच.

हरमल आणि केरीच्या कड्यांवरून पॅराग्लायडर उडवणाऱ्यांकडूनही विचारणा असते की आम्हाला पत्ता नाही, एखादा टाकला तर चालेल का? अजिबात नाही. मनाने टाकलेला पत्ता कुणा खऱ्या विमानाचा असू शकतो, आणि ते विमान त्या क्षणी मोपा विमानतळावर उतरायच्या अंतिम टप्प्यात असेल तर काय होईल याचा विचार करा.

पत्ता बरोबर, तरी दिसत नाही

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो. काचेवरच्या डबीला प्रश्न ऐकूच येत नाही. ती न विचारता आपलं स्थान सांगत राहते, सेकंदाला साधारण दोनदा, ११२ बिटांच्या संदेशात. म्हणून रडारच्या पडद्यावर ती येणारच नाही, कितीही जवळ गेलात तरी. तिचा आवाज फक्त एडीएस-बीची ग्राहक-यंत्रं (सिग्नल घेणारी) जिथे बसवलीत आणि कंट्रोलरच्या पडद्याला जोडलीत तिथेच पोचतो.

जेट विमानांतल्या टीकॅस या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. टीकॅस दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला प्रश्न विचारून अंतर मोजतं आणि त्यावरूनच ‘चढा’, ‘उतरा’ असा इशारा देतं. डबी उत्तर देत नाही, म्हणून तुमच्यासाठी असा इशारा कधीच येणार नाही. ट्रान्सपॉन्डरचा स्क्विटर डीएफ१७ प्रकारचा असतो, ट्रान्सपॉन्डर नसलेल्या यंत्राचा डीएफ१८ प्रकारचा. समोरच्या यंत्रणेला या फरकावरूनच कळतं की इथे विचारण्यात अर्थ नाही. दाबोळी आणि मोपा यांच्यामध्ये सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर आहेत आणि दोन्हीकडे जेट उतरत असतात. ‘मी प्रक्षेपण करतोय, म्हणजे त्यांना दिसतोय’ हा समज या पट्ट्यात जिवावर बेतू शकतो. ट्रान्सपॉन्डर असेल तर तो उंचीसह चालू ठेवा. नुसता मोड ए (उंचीशिवाय फक्त ओळख-कोड) असेल तर टीकॅसला तुमची उंची कळत नाही आणि बचावाचा इशारा मिळत नाही.

दुसरी गोष्ट दर्जाची. प्रत्येक एडीएस-बी यंत्र स्थानाबरोबर स्वतःवर किती विश्वास ठेवायचा हेही सांगतं. सिल म्हणजे चूक न कळवता स्थान हमीच्या वर्तुळाबाहेर असण्याची शक्यता: सिल १ मध्ये तासाला हजारात एक, सिल २ मध्ये लाखात एक, सिल ३ मध्ये कोटीत एक. एसडीए यंत्रणेच्या रचनेबद्दल तसंच सांगतो. नॅकपी म्हणजे अचूकता: ८ म्हणजे ९२.६ मीटरच्या आत, ९ म्हणजे ३० मीटर, १० म्हणजे १० मीटर. निक ७ म्हणजे स्थान ३७०.४ मीटरच्या वर्तुळात असल्याची हमी. अमेरिकेचा ९१.२२७ मागतो तो संच असा: नॅकपी किमान ८, निक किमान ७, सिल ३, एसडीए किमान २. काचेवरची डबी बहुधा सिल १, एसडीए १ सांगते, आणि ते प्रामाणिक आहे. तिच्यातला जीपीएस प्रत्यक्षात तीन मीटरवर असला, तरी त्याची प्रमाणित हमी नसते. जमिनीवरच्या यंत्रणेत ठरावीक दर्जाखालचे संदेश गाळायची सोय असते. गाळणी लागली असेल तर तुमचा संदेश पोचतो, पण पडद्यावर चढत नाही.

म्हणून कुणी सेटिंगमध्ये घुसून सिल ३ करण्याच्या नादी लागू नये. तो आकडा वाढवणं म्हणजे खोटी साक्ष देणं आहे, आणि तिच्या भरवशावर कंट्रोलर दोन विमानांत अंतर ठेवणार असतो.

दर्जा खरोखर काय जातोय ते पाहायचं असेल तर वर्कशॉपमधल्या रॅम्प टेस्ट सेटवर (जमिनीवर विमानाचे संदेश तपासणारं यंत्र) प्रकार ३१ चा संदेश वाचायला सांगा. आवृत्ती, नॅकपी, सिल, एसडीए सगळं त्यात असतं. आवृत्ती २ म्हणजे डीओ-२६०बी हे मानक. ० किंवा १ आली तर यंत्र जुनं आहे आणि बाकी आकड्यांचा अर्थही बदलतो. मोबाइलवरच्या विमान दाखवणाऱ्या ॲपमध्ये आपण दिसलो, म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. तिथली माहिती हौशी लोकांच्या ग्राहक-यंत्रांवरून येते, ती दर्जाची साक्ष नाही. आणि ही चाचणी दाबोळीच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) परस्पर करू नका. टॉवरला कळवून, वर्कशॉपच्या देखरेखीखालीच.

फ्लाइट प्लॅनमध्येही इथेच घोळ होतो. रकाना १० च्या निरीक्षणाच्या भागात बी१ म्हणजे १०९० वर एडीएस-बी पाठवण्याची खास सोय, बी२ म्हणजे पाठवणं आणि घेणं दोन्ही. हे बसवलेल्या, मान्य उपकरणासाठी आहे. डबीच्या जोरावर बी१ भरलं की कंट्रोलर तुमच्याकडून पूर्ण दर्जाची अपेक्षा करतो. विमानात खरंच एक्सटेंडेड स्क्विटरचा ट्रान्सपॉन्डर असेल तर ई किंवा एल भरा, रकाना १८ मध्ये ‘एसयूआर/२६०बी’ आणि ‘कोड/’ पुढे हेक्स पत्ता. नुसता मोड ए आणि मोड सी (उंचीसह) असेल तर सी. डबीमुळे या भागात काहीच बदलत नाही.

उंची चुकते, किंवा चुकल्यासारखी दिसते

एडीएस-बीतली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून मोजलेली असते, क्यूएनएच (त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब) धरून नव्हे. पावसाळी हवेत क्यूएनएच १००५ असेल तर समुद्रसपाटीवर उभं विमान साधारण सव्वादोनशे-अडीचशे फूट उंचीवर असल्याचं सांगेल. हा बिघाड नाही. अल्टिमीटरवर क्षणभर १०१३ लावून पाहा, दोन्ही जुळायला हवेत.

तरीही फरक राहिला तर कारण कॅबिनमध्ये आहे. ट्रान्सपॉन्डर विमानाच्या स्टॅटिक नळीवरून (बाहेरचा दाब आणणारी) दाब घेतो, डबी मात्र कॅबिनमधल्या हवेवरून. उडताना कॅबिनमध्ये थोडी ओढ तयार होते, दाब बाहेरपेक्षा कमी राहतो आणि डबी खऱ्यापेक्षा जास्त उंची सांगते. पर्यायी स्टॅटिक उघडल्यावर अल्टिमीटर चढतो, त्याच कारणाने. दाब एका हेक्टोपास्कलने चुकला तर उंची सुमारे २८ फूट चुकते. खिडकी, हवेची झडप, हीटर उघडून-मिटून पाहा. आकडा हलला तर निदान पक्कं. ही चूक सेटिंगने दुरुस्त होत नाही, ती त्या यंत्राच्या रचनेतलीच आहे.

काही यंत्रं दाबाऐवजी जीपीएसची उंची पाठवतात. टेस्ट सेटवर स्थानाचा संदेश प्रकार ९ ते १८ ऐवजी २० ते २२ दिसला तर हेच चाललंय. आपल्या भागात हे फार फसवतं. जीपीएसचा हिशोब पृथ्वीच्या गणिती लंबगोलावर असतो, आणि हिंदी महासागरातल्या गुरुत्वाच्या खोलग्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. मोरजीच्या वाळूवर ठेवलेलं यंत्र त्यामुळे उणे दोनशे फुटांहून खालची उंची दाखवू शकतं.

टॅबलेटवर दुसरी विमानं किंवा हवामान येत नाही

अमेरिकेत जमिनीवरची केंद्रं इतर विमानांची माहिती आणि ९७८ मेगाहर्ट्झवर हवामान परत पाठवतात. भारतात तशी सेवा नाही. इथे तुमच्या यंत्राला तेवढीच विमानं दिसतील जी स्वतः १०९० वर स्थान पाठवतात आणि तुमच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. ९७८ चा भाग बंदच ठेवा, बॅटरी वाचेल. रिकामा पडदा म्हणजे रिकामं आकाश नव्हे. मासेमारी बोटींवरून खालून जाणारं नौदलाचं हेलिकॉप्टर किंवा पॅरामोटर त्यात येईलच असं नाही.

आता अँटेना

वरचं सगळं तपासून झाल्यावर. डबीची शक्ती सहसा २० वॉटच्या आसपास असते, बसवलेल्या ट्रान्सपॉन्डरची किमान ७० किंवा १२५ वॉट. पल्ला शक्तीच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून १२५ वॉटच्या तुलनेत तो सुमारे ४० टक्के राहतो, आणि त्यात विमानाचं शरीर आडवं येतं. अँटेना उभी हवी. आडवी ठेवली की बरीच शक्ती वाया जाते. कार्बन फायबरच्या विमानात भिंतीतून लहरी जात नाहीत, काचेतूनच जातात. सर्वांत मोठा शत्रू चकचकीत सनशेड. उन्हासाठी काचेला लावलेला चंदेरी पडदा म्हणजे १०९० साठी पत्र्याची भिंत. धातूचा अंश असलेली टिंट फिल्मही तसंच करते. तो काढा आणि मग पाहा. एकाच जागी विमान हळूहळू ३६० अंश वळवा, सिग्नल कुठल्या बाजूला बुडतो ते कंट्रोलरला किंवा दुसऱ्या विमानाला विचारा. बुडणारी बाजू म्हणजे इंजिन किंवा तुमचं स्वतःचं शरीर. चुंबकीय कंपासजवळ डबी ठेवू नका, जागा बदलल्यावर कंपासची सुई हलते का ते दर वेळी पाहा. शरीरापासून वीतभर तरी लांब ठेवा.

नजरेचा टप्पा नॉटिकल मैलांत हवा असेल तर उंचीच्या फुटांचं वर्गमूळ घेऊन १.२३ ने गुणा. समुद्रावर १००० फुटांवरून ३९ नॉटिकल मैल मिळतात. बेळगावकडून येताना मात्र घाटमाथा मध्ये असतो. चोर्ल्याच्या अलीकडे असेपर्यंत किनाऱ्यावरच्या ग्राहक-यंत्राला तुम्ही न दिसणं स्वाभाविक आहे. माथा ओलांडून उतरायला लागल्यावर अचानक दिसू लागलात तर यंत्रात काही बिघडलेलं नाही.

एप्रिल-मेमध्ये काचेमागे तापलेली डबी चार्ज होत नाही, ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करायचे नसतात, म्हणून यंत्र चार्जिंग थांबवतं. पार्क केलेल्या विमानात ती ठेवूच नका. खारट दमट हवेत यूएसबीचं तोंड हिरवट पडतं; ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, हंगाम संपल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. बॅटरी निम्मी भरलेली असावी. पॉवर बँक घेत असाल तर २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर होते, प्रवासी विमानात नेण्याच्या शंभर वॉट-अवरच्या मर्यादेच्या आत.

जमिनीवर उतरल्यावर प्रक्षेपण बंद करायचं विसरू नका. विमान जमिनीवर टेकलंय हे ओळखणारा चाकांचा स्विच डबीला नसतो. हँगरमध्ये चालू राहिली तर जागेवर थांबलेलं ‘उडतं’ विमान कुणाच्या तरी पडद्यावर राहतं.

आणि ही डबी ईएलटी नाही. ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनची नोंदणी बंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅकमधल्या आयएनएमसीसी या केंद्राकडे वेगळी करावी लागते.

एवढं करूनही तक्रार राहिली तर वर्कशॉपला किंवा निर्मात्याला लिहिताना या गोष्टी द्या: यंत्राचं मॉडेल आणि फर्मवेअर, भरलेला हेक्स पत्ता आणि कॉल साइन, विमानातल्या ट्रान्सपॉन्डरचा मेक आणि तो एडीएस-बी पाठवतो की नाही, प्रकार ३१ च्या संदेशातले आकडे, घटनेची वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा), त्या वेळची जागा आणि अल्टिमीटरवर १०१३ लावून वाचलेली उंची, काचेवर डबी कुठे होती त्याचा फोटो. कंट्रोलरने नेमके कोणते शब्द वापरले तेही लिहा. ‘दिसत नाही’, ‘उंची दिसत नाही’ आणि ‘ओळख जुळत नाही’ ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि प्रत्येकाचं औषध वर वेगळ्या ठिकाणी आहे.